दिवा विझला, बिघाड तसाच

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं डॉक्टर, काही नव्हतं." चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! आठवडाभर तापाची गोळी घेऊन 'ताप येतो-जातो' म्हणणारे ओपीडीतले रुग्ण मला आठवले. ताप उतरवणं वेगळं आणि त्याचं कारण शोधणं वेगळं, हे मी त्यांना रोज सांगतो. गाडीच्या बाबतीत मात्र पैसे देऊन निमूट घरी आलो होतो.

दुसऱ्या खेपेला त्याने कोड वाचला, पी ०१७१, आणि ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं. या कोडचा अर्थ इतकाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते कोड सांगत नाही. रबरी पाइपला चीर असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल. ऑक्सिजन सेन्सरने बिचाऱ्याने फक्त वर्दी दिलेली असते. प्लेटलेट्स कमी आल्या की तपासण्याआधीच 'डेंग्यू' म्हणून मोकळे होणारे आमच्यातही आहेत, त्यामुळे मेकॅनिकला फार बोलायचा मला अधिकार नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून कान लावला आणि चिरलेला पाइप दाखवला. रुग्णाला हात लावून तपासणारे डॉक्टरही असेच कमी होत चाललेत.

सगळे दिवे सारख्या घाईचे नसतात. पिवळा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा बंदोबस्त करणारा भाग तोच, म्हणजे त्रास मागून येणाऱ्यांच्या छातीला.

लाल दिव्याला मात्र सवलत नाही. तेलाच्या कॅनचं चित्र लाल झालं की गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा; 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' एवढ्यात इंजिन संपतं. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबा, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. असे भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते एअरबॅगच्या दिव्याकडे. गाडी धावते, आवाज नाही, मायलेज ठीक. मग कोण बघतो? रक्तदाबाचंही असंच असतं. पण तो दिवा लागलेला असताना अपघात झाला, तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. हाडं जोडायला आम्ही आहोत, डोक्याच्या माराला मात्र आमच्याकडेही मर्यादित उपाय आहेत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक करावं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, हे दिवे काही सेकंद लागून दिसले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर ती चांगली खूण नव्हे. माझ्या भाच्याने घेतलेल्या गाडीत एअरबॅगचा दिवा कधीच लागत नव्हता, म्हणून तो खुशीत होता. मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला तेव्हा त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली निघाली.