घरातील परवान्याच्या बंदुकीला कुलूप का हवे? माजी सैनिकांसाठी समजून घ्या

निवृत्तीनंतर अनेक माजी सैनिक बँकेत सुरक्षारक्षक होतात. काहींकडे स्वतःची परवान्याची बंदूक असते. ड्युटी संपली की ती घरी येते. शस्त्र परवान्याची मुदत 5 वर्षांची. मधल्या काळात ती नीट ठेवण्याची आठवण कोण करून देणार?

धोका फक्त चोरीचा नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सुमारे 70 टक्के आत्महत्या बंदुकीने होतात. टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळात ओसरतो. कुलूप तेवढा वेळ मिळवून देते. तिथल्या जनहित जाहिरातींत म्हणूनच माजी सैनिक बोलतात. ते ‘बंदूक सोडा’ म्हणत नाहीत, ‘कुलूप लावा’ म्हणतात.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावातही हे सहज जमेल. पोलीस ठाणे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या आवाजातला छोटा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवावा: बंदूक रिकामी करून कुलूपबंद ठेवा, काडतुसे वेगळी ठेवा.

निवडणुकीत परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे जमा होतातच. मन अस्वस्थ असताना ती जमा करण्यात कसला कमीपणा?

मदतीसाठी टेलिमानस: 14416 (24 तास, मोफत)