हायड्रोजन आधी कोणाला?

केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी हे ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत आले, तेव्हा छायाचित्रकारांची झुंबड उडाली, ती स्वाभाविकच होती. जी मोटार धुराच्या जागी पाण्याची वाफ सोडते, पाच मिनिटांत टाकी भरून सहाशे किलोमीटर धावते आणि जिचे इंधन पाण्यातून काढता येते, तिचे कौतुक कोणास वाटणार नाही? ती ‘मिराई’ मोटार आपल्याकडे आणली टोयोटा किर्लोस्कर कंपनीने. किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम बेळगावातील सायकलींच्या दुकानात आहे, हे ठाऊक असणाऱ्या आमच्या वाचकांना त्या छायाचित्रात थोडा आपलेपणाही वाटला असेल. परंतु कौतुक ओसरल्यावर हिशेब मांडावयाचा असतो. तो मांडण्यास आता पुरेसा काळ लोटला आहे, आणि आमच्या मते तो खाजगी मोटारीच्या बाजूने लागत नाही.

मोटारीच्या यंत्रात दोष काढण्यास फारशी जागा नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. तिच्यात हायड्रोजन जळत नाही. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांचा ‘फ्युएल सेल’मध्ये संयोग होतो, त्यातून वीज निघते व पाणी उरते, त्या विजेवर चाके फिरतात. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९६६ साली अशी एक गाडी बांधली होती. टाक्या आणि नळ्या यांनीच ती इतकी व्यापली की जेमतेम दोघांना बसावयास जागा उरली! आज तेच यंत्र साध्या मोटारीच्या पोटात मावते, ही प्रगती लहान नव्हे. तरीही ती विजेचीच मोटार आहे. फरक एवढाच की, वीज बरोबर साठवून न नेता ती वाटेत तयार करते. आणि सारी गोम या ‘एवढाच’ शब्दात आहे.

पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढावयाचा तर सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. हा वायू इतका विरळ की मोटारीत मावण्यासाठी तो हवेच्या सातशे पट दाबाने कोंबावा लागतो. सीएनजीचा दाब दोनशे पटीच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना यावी. साडेपाच किलो वायूसाठी क्विंटलभर वजनाची टाकी वागवावी लागते. कोंबण्यास व थंड करण्यास आणखी वीज जाते. म्हणजे टाकीत पडेपर्यंत किलोमागे साठएक युनिटे खर्ची पडली असे धरू. त्या किलोभर वायूवर चांगली मोटार शंभर किलोमीटरांच्या थोडी पुढे जाईल. तीच साठ युनिटे सरळ बॅटरीत भरली, तर तेवढीच मोटार तीनशे किलोमीटर जाते! ही तफावत कारागिरांच्या आळसाची नव्हे. विजेचा वायू करावयाचा आणि वायूची पुन्हा वीज करावयाची, तर दोन्ही नाक्यांवर जकात भरावी लागते. ती निसर्गाची जकात असल्यामुळे कोणताही मंत्री ती माफ करू शकत नाही.

एवढ्या दाबाचा वायू हाताळणे हेही येरागबाळ्याचे काम नव्हे. १० जून २०१९ रोजी नॉर्वेत ऑस्लोजवळ हायड्रोजनच्या पंपावर मोठा स्फोट झाला. टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळले गेले नव्हते, असे चौकशीत निघाले. हायड्रोजन पेट्रोलपेक्षा भयंकर आहे असे आम्ही म्हणत नाही. तो हलका असल्याने झटकन वर निघून जातो. पण ज्या देशात गॅसच्या नळीची तपासणी कागदावर उरकली जाते, तेथे बोल्ट आवळणाऱ्याची तयारी कोण करून घेणार, हे आधी ठरले पाहिजे.

आणि हा वायू आज मुळात येतो कोठून? २०२३ साली जगाने सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला. तो जवळजवळ सारा नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढलेला होता. नैसर्गिक वायूपासून किलोभर हायड्रोजन काढताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोटारीच्या नळीतून पाणी गळते म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी एकदा मान वर करून कारखान्याच्या चिमणीकडेही पाहावे.

हे सारे आधी कळत नव्हते काय? कळत होते, तरी आश्वासने दिली गेली. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जानेवारी २००३ मध्ये १२० कोटी डॉलर्सची योजना मांडताना, आज जन्मणाऱ्या मुलाची पहिली मोटार हायड्रोजनची असू शकेल, अशी आशा बोलून दाखविली होती. ते मूल २०२३ साली वीस वर्षांचे झाले आणि दुसऱ्याच मोटारीतून हिंडू लागले. कॅलिफोर्नियात २००४ साली ‘हायड्रोजन महामार्गा’ची घोषणा झाली. पुढे तेथे अठरा हजारांच्या आसपास हायड्रोजन मोटारी विकल्या गेल्या. गिऱ्हाइकास पंधरा हजार डॉलर्सपर्यंतचे इंधन फुकट देण्याचे आमिषही होते. मग भाव चढत चढत किलोस ३६ डॉलर्सपर्यंत गेला, पंप नादुरुस्त राहू लागले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले सातही पंप कायमचे बंद केले. गाडी दारात, हप्ता डोक्यावर आणि इंधनासाठी वणवण, अशी त्या मालकांची गत झाली. काहींना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्यांनी हवेच्या शुद्धतेच्या कळकळीने, सरकार आणि कारखानदार यांच्या शब्दावर विसंबून पदरचा पैसा घातला, नेमके तेच नागविले गेले. याचा आम्हांस सर्वांत अधिक संताप येतो.

२०२४ साली जगात बॅटरीच्या व प्लगवर भरता येणाऱ्या मोटारी १ कोटी ७० लाखांवर खपल्या. फ्युएल सेलच्या गाड्या पंधरा हजारही खपल्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये स्टेलांटिस या बड्या कंपनीने हायड्रोजनचा नाद सोडला. जपान आणि कोरिया यांनी तो सोडलेला नाही, आणि जर्मनीची बीएमडब्ल्यू २०२८ साली अशी मोटार आणणार असे सांगते. त्यांनी खुशाल आणावी. स्वतःच्या पैशाने जुगार खेळणाऱ्यास आमची हरकत नाही.

मालमोटारींची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगावापाशी रात्री उभे राहून पाहावे. ट्रकांची रांग तुटत नाही. चाळीस-पन्नास टनांचा बोजा घेऊन जाणाऱ्यास जड बॅटरी परवडत नाही आणि ती भरण्यासाठी तासन्‌तास थांबणेही परवडत नाही. शिवाय ठरलेल्या मार्गावरच्या गाड्यांना गावोगाव पंप नको. दोन टोकांस दोन असले की भागते. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी बांधलेली फ्युएल सेलची बस रस्त्यावर आली. मार्च २०२५ मध्ये टाटांच्या सोळा हायड्रोजन ट्रकांची चाचणी सुरू झाली, तिच्या मार्गांत मुंबई, पुणे, सुरत आणि वडोदरा ही शहरे आहेत. हे प्रयोग व्हावेत. बॅटरीचे ट्रकही वेगाने सुधारत आहेत, तेव्हा येथेही निकाल आधीच लिहून ठेवू नये.

परंतु आमचा मुख्य प्रश्न पुढेच आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. जवळजवळ तेवढाच हायड्रोजन आपला देश आजही वापरतो, आणि तो मुख्यतः तेलशुद्धीकरणात व खतांत. तेथे बॅटरी चालत नाही. अमोनियाला हायड्रोजन लागतोच, आणि अमोनियावाचून डीएपी नाही. २०२५ साली तेरा खतकारखान्यांसाठी ७ लाख २४ हजार टन हरित अमोनियाचे लिलाव झाले, किलोस सुमारे ५० ते ६५ रुपये भावाने. ही बातमी वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात गेली आणि मंत्र्यांची मोटार पहिल्या पानावर! वस्तुतः परदेशी वायू आणि परदेशी अमोनिया यांच्या भावावर आमच्या शेतकऱ्याच्या खताचा, म्हणजे सरकारी अनुदानाचा, भार हलतो. स्वच्छ हायड्रोजनाचा पहिला टन त्या कारखान्यात गेला पाहिजे. मोटारवाल्यास विजेचा सोपा मार्ग मोकळा आहे.

सरकारनेही मार्च २०२५ मध्ये सुमारे २०८ कोटींचे जे पाच वाहतूक प्रकल्प मंजूर केले, त्यांत ३७ बस व ट्रक आणि ९ भरणा केंद्रे आहेत, खाजगी मोटार नाही. ही सुबुद्धी टिकावी. यांतील २२ गाड्यांत हायड्रोजन इंजिनात जाळला जावयाचा आहे, म्हणजे तेथे जकात आणखी जड. दीड-दोन वर्षांत हे सारे चालू होईल असे सरकारनेच सांगितले होते. तेव्हा गाडीगणिक किती किलो हायड्रोजन लागला, तो कशापासून काढला, टाकीत पडताना काय भाव पडला, गाडी किती किलोमीटर धावली आणि किती दिवस बंद राहिली, हे आकडे दर तिमाहीस जाहीर झाले पाहिजेत. ते येईपर्यंत खाजगी हायड्रोजन मोटारीस करसवलत, अनुदान किंवा सार्वजनिक पैशातून पंप, यांपैकी काहीही देण्यास आमचा विरोध राहील.