शंकरपट आणि धुरकऱ्याचा जीव



ज्वारीची सोंगणी आटोपली, कापसाचे दोन-तीन वेचे घरात आले की आपल्या भागात शंकरपटाच्या वर्गणीच्या पावत्या फाटू लागतात. यंदा रामटेक तालुक्यातल्या काही तरुणांनी आम्हाला सरळच विचारले, पटाच्या फलकावर संघटनेचे नाव घालायचे काय? बैठकीत एकाने लगेच हरकत घेतली. ज्या खेळात माणूस मरू शकतो, बैलाचा पाय मोडू शकतो, त्याच्या मांडवात आपण कशाला उभे राहायचे, असे त्याचे म्हणणे. हरकत घेणारा कोणी शहरातला प्राणिमित्र नाही. स्वतः दोन जोड्या बाळगणारा कास्तकार आहे. तेव्हा त्याला टाळीचे वाक्य ऐकवून भागणार नाही.

टाळीचे वाक्य आम्हालाही पाठ आहे. शहरातली माणसे हिमालय चढतात, मोटारी पळवतात, त्यात मरतात, तेव्हा त्याला साहस म्हणतात. आपण बैल पळवले की अडाणीपणा! आम्ही स्वतः हे व्यासपीठावरून बोललो आहोत आणि ते खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. डोंगर चढणारा आपली मान पणाला लावतो. पटात चौघांची मान अडकलेली असते : धुरकऱ्याची, बैलाची, दाणीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकोची. यातल्या एकानेच हो म्हटलेले असते.

धुरकऱ्याचे आधी बोलू. छकडा हलका, त्याला ना ब्रेक ना आडोसा. जोडी सुटली की हातातला कासरा आणि पायांचा तोल एवढेच त्याचे भांडवल. कुठे दोन जोड्या सोबत सुटतात, कुठे एकेकीला घड्याळावर मोजतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्या सेकंदांसाठी तो वर्षभर जोडीला ढेप-सरकी घालतो, पहाटे उठून चालवतो, स्वतः मात्र चटणी-भाकर खातो. हे वेड आम्हाला समजते. ज्याच्या पिकाचा भाव दुसरा ठरवतो, पाऊसही ज्याच्या हाती नाही, त्याला एक तरी जागा अशी लागते जिथे त्याच्या कसबाचा निकाल सर्वांसमक्ष लागतो. डोळे उघडे ठेवून घेतलेली ही जोखीम त्याची आहे. ती हिरावून घेण्याचा हक्क कोणालाही नाही असे आम्ही मानतो.

काही पोरे यावर म्हणतात, फवारणीतही मरतोच की! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. संताप रास्त आहे. पण ती जोखीम हौसेची नव्हती, पोटाची होती. एका मरणाचा दाखला देऊन दुसरे मरण स्वस्त होत नाही.

परंपरेचा दाखलाही पुरत नाही. नागपूरपासून फार लांब नाही, पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते. नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि तो काढायला जाणाऱ्यावर समोरच्या काठावरून दगड. माणसे मेली, डोळे गेले. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी घेतले नाहीत. पांढुर्ण्याचे लोक आपलेच, मराठी बोलणारे, संत्रा-कापूस पिकवणारे. तरीही सांगतो, गोटमारीचे समर्थन आमच्याने होत नाही. तिथे जखम हा खेळातला अपघात नाही, दगड मारलाच जातो तो लागावा म्हणून. पटात कोणालाही न लागता जोडी पार झाली तर तो उत्तम पट. आमच्या लेखी फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

आता बैल. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, तेव्हा आपण फार ओरडलो. पण न्यायालयापुढे जे मांडले गेले त्यात शेपट्या पिरगाळणे, चावणे, आरीने टोचणे होते. हे आपल्या दाणीवर कधी झालेच नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील? पोळ्याला पुरणपोळी भरवली म्हणून पटातली आर माफ होत नाही. बैलाने नांगरालाही हो म्हटलेले नाही हे खरे; म्हणूनच त्याच्या वतीने हात आवरणे आपल्याकडे येते.

बंदीने मात्र बैलाचे भले झाले नाही. पट चोरून भरू लागले, आडरानात, ना डॉक्टर ना दोर. त्यात २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. शर्यत नाही, म्हातारपणी गिऱ्हाईक नाही, नांगराला ट्रॅक्टर. मग गोऱ्हा ठेवायचा कोणी आणि कशावर? हा हिशेब निकाल देणाऱ्यांच्या वहीत कुठे दिसला नाही. राज्याने २०१७ मध्ये कायदा सुधारला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा कायम केला. त्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परवानगी आपण लढून मिळवली, अटी मात्र कागदावर ठेवल्या.

आम्ही पाहिलेल्या एका पटात (गावाचे नाव घेत नाही) जोडी दाण सोडून गर्दीत शिरली. एका म्हाताऱ्याची मांडी मोडली. कडेला दोर नव्हता, पोरे दाणीवर बसलेली, गाडी मिळेपर्यंत तास गेला. कमिटीने नंतर त्याच्या घरी नारळ पाठवला. नारळ!

आणि घरचे. २०२२ साली सरकारने दहीहंडीत मृत्यू पावलेल्या गोविंदाच्या कुटुंबाला १० लाख रुपये जाहीर केले. चांगलेच केले. आपल्या शेतकरी अपघात योजनेत २ लाख आहेत, पण मोटारीच्या शर्यतीतला अपघात तिच्यात बसत नाही. मग छकड्याच्या शर्यतीतला बसतो काय? हा वाद मयताच्या बायकोने तहसीलच्या व्हरांड्यात घालायचा काय? पाच एकर कोरडवाहूचा धनी कंबर मोडून पडला तर पुढचा खरीप कोण पेरणार?

म्हणून आमचे मत असे की, फलकावर नाव घालायला हरकत नाही, पण फुकट नाही. दोन्ही बाजूंना बल्ल्या आणि दोर, लेकरे दाणीपासून दूर, गुरांचा डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर, प्रत्येक धुरकऱ्याचा अपघात विमा वर्गणीतून. आर लावलेली तुतारी किंवा दारू पाजलेला बैल दिसला तर जोडी बाद, मग ती पुढाऱ्याची का असेना. बक्षिसाची मोटारसायकल एक कमी ठेवली तरी बराच खर्च निघतो.

रामटेकच्या बैठकीत हा ठराव चर्चेला येईल. येताना आपल्या गावच्या पट कमिटीतला एक माणूस सोबत आणा, आणि गेल्या वर्षीच्या जमाखर्चाची वहीही.