शुगर ग्लायडर आणि चौविहाराचे घर

केळशी येथील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. घरचे किराणा दुकान, सर्वांना चौविहाराचा नेम. पुण्यात शिकणाऱ्या चिरंजीवांनी सुट्टीत शुगर ग्लायडरची जोडी घरी आणून ठेवली व ते परत गेले. सोबतच्या कागदावर आहार लिहिलेला : मध, उकडलेले अंडे, अळ्या. हे घरात येणे शक्य नव्हते. म्हणून केळे, चिकू व दूधभात सुरू केला. आता मादी मागचे पाय ओढत चालते.

प्रथम पायांचे. हे लक्षण बहुधा कॅल्शियमच्या अभावाचे असते. या प्राण्याच्या आहारात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे लागते. केळे आणि भात यांतून ते मिळत नाही. शरीर मग हाडांतले कॅल्शियम ओढून घेते, हाडे ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. वेळीच उपचार झाल्यास सुधारणा होऊ शकते. गावाकडच्या पशुवैद्यांचा हात गाईम्हशींवर बसलेला असतो, तेव्हा विदेशी लहान प्राणी पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पशुवैद्यांशी आजच दूरध्वनीवर बोलावे. पूरक औषधाची मात्रा तेच सांगतील; 100 ते 150 ग्रॅमच्या देहाला अंदाजाने चूर्ण घालू नये.

हा प्राणी खारीसारखा दिसला तरी खार नव्हे. तो कांगारूप्रमाणे पिशवीत पिल्ले वाढविणारा, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या रानातला जीव. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत पसरलेल्या त्वचेच्या पडद्यावर तो 50 मीटरपर्यंत तरंगत जातो. रानात त्याचे अन्न म्हणजे झाडांचा रस, बाभूळवर्गीय झाडांचा डिंक, मकरंद, पराग आणि कीटक. डिंक तर आपल्या दुकानातच असतो, आणि शुद्ध, साखर न लावलेला डिंक त्यास थोडा देता येतो. पपई व अंजीर चालतात. केळे, चिकू, आंबा अगदी बेताने, कारण गोडाने तो लठ्ठ होतो व दात किडतात. दूध पुष्कळदा पचत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा वर्ज्य. त्यांतले पहिले दोन आपल्या घरात नसतातच, एवढी सोय.

राहिला प्रथिनांचा प्रश्न, आणि तो टाळता येत नाही. केवळ फळांवर हा प्राणी निरोगी राहत नाही. ‘आमच्या घरात आला, आमचेच खाईल’ असे म्हणणे दयेचे वाटते, पण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत बंध जसा आहे, तसाच अन्नपाननिरोधही आहे. पोट भरलेले असूनही हाडे झिजत असतील, तर तो निरोधच म्हणावा, असे माझे मत. दुसरीकडे, त्याच्यासाठी अळ्या मारवणे हेही श्रावकास जमणारे नाही. अंडी-कीटकांवाचून पूर्ण आहार आखता येईल काय, हे पशुवैद्यांना स्पष्ट विचारावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर जोडी योग्य घरी सोपवावी.

तोवर पाळावयाच्या गोष्टी. हा निशाचर आहे. सूर्यास्तापूर्वी बशी मांडून ठेवली तरी तो अंधारात उठून खातो, त्यामुळे आपला नेम मोडत नाही. सकाळी उरलेले लगेच काढावे, नाहीतर मुंग्या जमतात व नवीच हिंसा घडते. दिवसा झोपमोड करू नये. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली त्यास सोसत नाही.

जोडी कधीही फोडू नये. हा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटा पडला की खाणे सोडतो, स्वतःचीच कातडी चावतो. वाडीतल्या माडांवर सोडून देणे म्हणजे तर त्यास मांजर-घुबडांच्या स्वाधीन करणे. पांजरपोळातही ही व्यवस्था सहसा नसते. आपल्या सह्याद्रीतील उडती खार पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा परदेशी, म्हणून दुकानांत विकला जातो. दुकानदार बंधूंपैकी कोणाच्या मनात असा व्यापार असल्यास पंधरा कर्मादानांतील केशवाणिज्य आठवावे.

नवे घर शोधताना तेथे आधीपासून हे प्राणी आहेत का, मोठा उंच पिंजरा आहे का, पशुवैद्य कोण, हे विचारावे. पाळलेला शुगर ग्लायडर दहा-बारा वर्षे जगतो. चिरंजीवांचे शिक्षण त्याआधीच संपेल, आणि शोधाचे हे काम त्यांनीच पुण्यात राहून करणे सोयीचे पडेल.