नाव कॉलेजाचे, वर्षे मुलांची

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला, की आपल्या मंडळींच्या घरोघरी एकच विषय चालतो : ‘कोणते कॉलेज मिळेल?’ गुणांचे हिशेब होतात, मागील वर्षीचे आकडे काढले जातात, मामा-काकांची मते मागविली जातात. त्या कॉलेजात मुलाचे वा मुलीचे दिवस कसे जातील, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. आज आम्ही तोच काढीत आहोत.

स्पर्धा तीव्र आहे, हे खरेच. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी ‘नीट’ला बसले, एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्याच अधिक. जागा मिळाली हेच भाग्य, असे पालकांना वाटले तर नवल नाही. परंतु ज्यांच्या गुणांत दोन-तीन पर्याय बसतात, त्यांनी तरी पसंतीक्रम भरण्यापूर्वी थोडे थांबावे. साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप, अशी ही साडेपाच वर्षे आहेत. माणूस घडण्याचे ऐन वय त्यांत जाते.

बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांपुढे यात एक वेगळाच पेच असतो. राज्य सरकारांच्या कॉलेजांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात. उरलेल्या प्रामुख्याने त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांना मिळतात. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा बडोद्याच्या मुलाला घराजवळची वाट अधिक मोकळी असते. तरीही पुण्या-मुंबईची अंधुक शक्यता दिसली, की ‘आपल्या मुलखात शिकू दे’ असा आग्रह सुरू होतो. ती ओढ आम्ही जाणतो. पण ग्वाल्हेरचे गजराराजा महाविद्यालय १९४६ पासून, इंदूरचे महात्मा गांधी स्मारक महाविद्यालय १९४८ पासून आणि बडोद्याचे महाविद्यालय १९४९ पासून डॉक्टर घडवीत आहे. इंदूरच्या रुग्णालयाला यशवंतराव होळकरांचे आणि बडोद्याच्या रुग्णालयाला सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. हाही आपलाच मुलूख नव्हे काय? शिवाय खाटेवरच्या रुग्णाची हिंदी वा गुजराती आपल्या मुलांना लहानपणापासून येते. रात्रपाळीत थकलेल्या विद्यार्थ्याला तो केवढा आधार असतो!

मात्र घर जवळ म्हणजे विसावा आलाच, असेही समजू नये. रोज दोन-दोन तास बसमध्ये जात असतील, परीक्षेच्या तोंडावर घरातल्या मंगळागौरीला मुलीने हजर राहावेच असा हट्ट असेल, तर त्यापेक्षा वसतिगृह बरे. उलट एखादे मूल एकलकोंडे असेल, बाहेरचे जेवण त्याला सोसत नसेल, तर हजार किलोमीटरवरील नामांकित कॉलेज त्याला जड जाऊ शकते. मूल आपले आहे. त्याचा स्वभाव गुणपत्रिकेत छापलेला नसतो.

ही काळजी अनाठायी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली आपला अहवाल दिला. त्यासाठीच्या पाहणीत ज्या पदवी-विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, त्यांतील २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, एक दिवस सुटी असावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, असे कृतिदलाने सुचविले. निवासी डॉक्टरांसाठी ४८ तासांचा आठवडा सांगणारे केंद्र सरकारचे पत्रक तर १९९२ सालचे आहे! कागद आणि वॉर्ड यांतील हे अंतर कोणत्या कॉलेजात किती, ते तेथील विद्यार्थीच सांगू शकतात.

म्हणून आमची सूचना अशी, की पसंतीक्रम ठरविण्यापूर्वी तेथील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांशी मुलांनीच बोलावे. शक्यतो पालकांनी दूर बसावे. पहिल्या वर्षाला वसतिगृहात खोली मिळते का? रॅगिंगची तक्रार केल्यावर पुढे काय होते? इंटर्नना सलग किती तास उभे राहावे लागते? नापास झालेल्याला कोणी हात देतो का? मन खचले तर भेटायला समुपदेशक आहे का? ग्रामीण सेवेचा करार केवढ्या रकमेचा, आणि मधेच सोडल्यास काय भरावे लागते? याची उत्तरे मिळाली, की यादीतील वरखाली क्रम आपोआप थोडा बदलेल.

प्रवेश झाल्यावरही पालकांचे काम संपत नाही. दर फोनवर ‘किती मार्क पडले?’ विचारण्याऐवजी ‘जेवलास का? झोपलीस का?’ एवढेच विचारावे. आणि ‘मला हे झेपत नाही’ असे मूल म्हणाले, तर शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता ते ऐकून घ्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मोफत सल्ला मिळतो, तो घरात सर्वांना ठाऊक असावा.

कॉलेजाचे नाव दाराच्या पाटीवर पदवीखाली लिहिले जात नाही. तेथे लिहिले जाते ते आपल्या मुलाचे, आपल्या मुलीचे नाव. ते धडधाकट, हसतमुख राहावे, एवढे पाहून यादी भरावी.