आमची जावक कोण मोजणार?

शाळेच्या कचेरीत दोन वह्या असतात: आवक आणि जावक. आलेल्या कागदाची नोंद जशी लागते तशी गेलेल्याचीही लागते, आणि जावक वही नीट नसली तर तपासणीला आलेले साहेब हेडमास्तरांकडे खुलासा मागतात. मी चित्रकलेचा मास्तर, शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पण एवढे व्यवहारज्ञान मलाही आहे. ते ज्याला नाही अशा एका मोठ्या धंद्याशी मला आज ऐन दिवाळीत भांडायचे आहे. वाचकांनी राग मानू नये. हातात चकली धरूनही हे वाचता येईल.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. १९९८ च्या दिवाळीत मामांनी कॅमेऱ्याने घेतलेली एक व्हिडिओ कॅसेट आमच्या कपाटात पडून होती. तीत आई करंज्या करीत बसली आहे, आणि मधेच मान वर करून मामांना म्हणते, "अरे मेल्या, आधी हात धुऊन ये!" आई गेली त्याला सात वर्षे झाली. कॅसेटला बुरशी लागण्याआधी मी ती शहरातून संगणकाच्या फाइलीत उतरवून आणली, मुलाने घरच्या जुन्या संगणकावर जेलीफिन नावाची फुकट मिळणारी आज्ञावली बसवली, आणि ठरले असे की टोरांटोची धाकटी बहीण आणि बंगळूरचा भाऊ यांनी आपापल्या घरी एकाच वेळी ती पाहायची. (बाहेरच्या माणसाला आमच्या संगणकाचे दार सापडावे म्हणून मुलाने काय खटपट केली, ती रामकहाणी वेगळी.)

आमची संध्याकाळ, बहिणीची सकाळ. आईने मान वर केली, तोंड उघडले, आणि तशीच थांबली. पडद्यावर चक्र फिरू लागले. बहिणीचा फोन आला, "दादा, आई अडकली रे!" बंगळूरलाही तेच. इकडे मुलगा क्रिकेटचा सामना पाहत होता, तोही थबकला. आवाज ऐकायला आसुसलेल्या माणसांना उघड्या तोंडाची आई पाहावी लागली.

कंपनीच्या माणसाला विचारले, तर म्हणाला, "सर, तुमचा स्पीड शंभर आहे." शंभर खरा, पण आवकीचा, म्हणजे डाउनलोडचा. जावकीचा, अपलोडचा, फक्त दहा! आमची फाइल सेकंदाला ८ मेगाबिट मागत होती. दोघांचे मिळून सोळा झाले. दहाच्या बोळातून सोळा जाणार कसे? आणि जावक तुंबली की आवकही अडते, कारण आलेल्या मालाची पोच उलट पाठवावी लागते. पूर्वी मनिऑर्डर मिळाली की सही केलेली पोच परत जायची, त्यातलाच प्रकार. मुलाच्या सामन्याची पोच आईच्या करंज्यांमागे रांगेत उभी होती.

हे असे का? तांब्याच्या टेलिफोन तारेवर एडीएसएल आले तेव्हा तारेची कुवतच मोजकी होती. १९९९ च्या मानकात आवकीला ८ मेगाबिटपर्यंत आणि जावकीला एकाच्या आसपास अशी वाटणी झाली. ते मी क्षम्य मानतो. पण फायबरच्या जीपॉन पद्धतीत आवक २.४८८ गिगाबिट, तर जावक १.२४४, म्हणजे निम्मी तरी असते. आणि काही फायबरवाल्या कंपन्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडे सारखा वेग देतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या आळीत मात्र फायबर पोचलेले नाही. छतावर ५जीची डबी आहे. तिथे एकाच लहरीचा वेळ दोन्ही दिशांना वाटून देतात, आणि वाटणाऱ्याने मोठा वाटा आवकीला दिला आहे. खेड्यातल्या मास्तराने परक्याचे सिनेमे पाहावेत. त्याच्याकडे धाडण्याजोगे काय असणार?

सरकारनेही तेच गृहीत धरलेले दिसते. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट डाउनलोड. जानेवारी २०२३ मध्ये किमान २ मेगाबिट झाले, तेही डाउनलोडच. अपलोडचा आकडाच नाही! अमेरिकेने २०१५ मध्ये २५ ला ३ आणि २०२४ मध्ये १०० ला २० असे दोन्ही आकडे तरी लिहिले.

एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, एवढा उपद्व्याप कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवून द्या." महाशय, तासाभराची ही फाइल ३.६ गिगाबाइटची. ती तिकडे चढवायची तरी याच बोळातून, आणि बोळ पूर्ण मोकळा असला तरी पाऊण तासाहून अधिक वेळ लागणार. वर महिन्याचे भाडे. घर असताना आईला भाड्याच्या खोलीत ठेवू?

दोष आमचाही होता, तो लपवीत नाही. त्या कॅसेटचे चित्र मुळात पुसट. त्याला ८ मेगाबिट म्हणजे जुनेराला जरीचा काठ. मुलाने एका रात्रीत ती फाइल एच.२६४ पद्धतीने २ मेगाबिटची करून घेतली. आईच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही कमी झाली नाही. जेलीफिनमध्ये बाहेर जाणाऱ्या चित्राला मर्यादा घातली. राउटरलाही साडेआठाच्या वर जावक सोडू नकोस असे बजावले, म्हणजे रांग आमच्याच दारात लागते आणि पोचेसारख्या लहान चिठ्ठ्यांना पुढे जाता येते. आता तिघे एकदम बसले तरी सहातच भागते. पण ही झाली गरिबाची काटकसर. आम्ही काटकसर करतो म्हणून धान्य मापात कमी घालावे, असे नव्हे.

परवा कंपनीचा नूतनीकरणाचा फॉर्म आला. त्यात "हवा असलेला वेग" असा एकच रकाना. मी त्याच्या मधोमध उभी रेघ ओढली, एकीकडे "आवक ५०", दुसरीकडे "जावक ५०" असे लिहिले, आणि शाळेच्या सवयीने वर जावक क्रमांक घालून पाठवून दिला. पोच अजून आलेली नाही.