पूल लोखंडाचा की काँक्रीटचा? आधी विचारा, पूर कुठवर येतो!

नाशिक : त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा आठवतोय ना? तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायांचे फोटो राज्यभर फिरले होते. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथं लोखंडी पूल झाला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. बायांच्या नशिबी पुन्हा बल्ल्या आल्या.

असं झालं की गावोगावी एकच मागणी निघते, "लोखंड नको, काँक्रीटचाच पूल पाहिजे." मागणी चुकीची नाही, पण अर्धवट आहे.

लाकूड लगेच मिळतं, पण कुजतं. दगड वजन चांगलं पेलतो, म्हणून जुने पूल कमानीचे. पण महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. लोखंडी सांगाडा बाहेर तयार करून आणता येतो, म्हणून अडचणीच्या जागी सोयीचा. पण वेळेवर रंगरंगोटी, दुरुस्ती नाही झाली तर गंजतो. मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भारानं पडला, चौघांचा जीव गेला.

काँक्रीटही अमर नाही. ते दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून आत सळई टाकतात. सळईवर काँक्रीटचा थर कमी पडला किंवा पाणी नीट मारलं नाही, तर तडे जातात. तड्यातून पाणी शिरतं, सळई गंजून फुगते आणि पापुद्रे सुटतात.

माल कोणताही असो, खरा शत्रू पुराचं पाणी. ते पायाखालची माती उकरतं. आपल्याकडच्या फरशी पुलाच्या पाइपांत झाडोरा अडकला की पाणी तुंबतं, पुलावरून वाहतं आणि कडेचा भराव कापून नेतं. फरशी जागेवर राहते, रस्ता तुटतो!

म्हणून तुमच्या गावात पूल मंजूर झाला, तर ग्रामसभेत चार गोष्टी विचारा. आजवरचा सर्वात मोठा पूर कुठवर आला होता, आणि पूल त्याच्या वर आहे का? पाया खडकापर्यंत जातोय का? काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी झाली का? आणि ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं आहे?

पुराची खूण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पक्की माहीत असते. ती इंजिनिअरला दाखवा आणि ठरावात लिहून घ्या. पूल वाहून गेल्यावर ओरडण्यापेक्षा हे सोपं आहे.